तहानलेलं यंत्र

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. मोजता मोजता तुम्हाला झोप लागेल आणि गोष्ट राहून जाईल. एका राज्यात संथ नदीच्या काठी एक गाव होतं. सकाळचं धुकं त्या गावात इतकं रेंगाळायचं, की पाण्याला निघालेल्या बायकांना आपण जाग्या आहोत की स्वप्नात, हे घागर बुडेपर्यंत कळायचं नाही.

त्या राज्यात पूर्वी घरोघरी धुण्याचं यंत्र असे. आता तुमच्या घरात आहे तसलं नव्हे बरं. सागाच्या फळ्यांचं मोठं पिंप, भोवती लोखंडी पट्ट्या, आत लाकडी पंखा आणि बाहेर एक दांडा. दांडा फिरवला, की कपडे पाण्यात गिरक्या घ्यायचे आणि पिंपातून घुमल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजावर पाळण्यातली पोरं झोपी जात, असं जुनी माणसं सांगत.

मग दूरदेशीची पत्र्याची यंत्रं आली. काय ती चकाकी. लोकांनी जुनी यंत्रं ओढ्यात टाकली, कुणी त्यांत कोंबड्या डालल्या, कुणी कडबा भरला. चार पावसाळ्यांत पत्रा गंजून गेला आणि लोक पुन्हा नदीवर दगडाशी जाऊन बसले.

त्या गावात एक कारागीर होता. सदा काहीतरी उकलत, जोडत बसलेला, म्हणून लोक त्याला खटपट्या म्हणत. त्याचा जीव त्या जुन्या यंत्रांवर. ओढ्यातून, उकिरड्यातून तो एकेक यंत्र खांद्यावर घालून आणी, पंखा सरळ करी, आसाला एरंडेल पाजी आणि फळ्या घासून लख्ख करी. त्याच्या पडवीत अशी अकरा यंत्रं ओळीने उभी होती. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं, की तो जेवायचं विसरून बघत बसे.

एके दिवशी गावातली म्हातारी परटीण एक पिंप रस्त्याने गडगडवत त्याच्या दारात आली. गावातल्या सगळ्या तान्ह्यांची बाळुती तीच धुवायची. खटपट्याचीही तिनेच धुतली होती, आणि हे ती त्याला वर्षातून दोनदा तरी ऐकवायची.

"हे माझ्या आईचं," ती म्हणाली. "गोठ्याच्या ओलीत पडलं होतं. थंडी पडायच्या आत चालू करून दे बाबा. गार पाण्यात माझी बोटं आता मिटत नाहीत. अजून एक हिवाळा दगडावर काढला, तर हे हात गेलेच म्हणून समज."

"मावशी, दसऱ्याला घेऊन जा," खटपट्या म्हणाला. त्या क्षणी तो अगदी मनापासून म्हणाला होता.

आणि कामाला तर तो असा लागला, की काय सांगावं! काजळी निघाली, पट्ट्या उजळल्या, पंखा नुसत्या फुंकरीने फिरू लागला. दांड्यावर एक खळगा होता, मावशीच्या आईच्या तळहाताने वर्षानुवर्षं झिजून पडलेला. खटपट्याला तो दोष वाटला. त्याने रंधा मारून दांडा सपाट केला. मग पिंपावर निळ्या पाण्यात उभे बगळे रंगवले आणि त्यांच्या पायांशी पांढरी कमळं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काम संपलं. खटपट्या दोन पावलं मागे सरला आणि बघतच राहिला. एवढं देखणं यंत्र त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. यात पाणी घालायचं? बाळुती घालायची? कमळं आठ दिवसांत उडून गेली असती.

मावशी आली तेव्हा तो दार अडवून उभा राहिला. "थोडं राहिलंय, मावशी."

दिवाळीला ती पुन्हा आली. "एक कडी बसायची आहे," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मावशीला आतले बगळे दिसले. ती "बरं" म्हणाली, हात पदरात गुंडाळले आणि नदीच्या वाटेने गेली.

त्या दिवसापासून खटपट्याला एक स्वप्न पडू लागलं. पडवी धुक्याने भरलेली आहे, यंत्रं हळूहळू डोलताहेत आणि बगळ्यांचं यंत्र त्याला म्हणतंय, "तहान लागलीय रे." सकाळी उठून त्याने फळ्यांना जवसाचं तेल चोळलं. पुन्हा तेच स्वप्न. मग बघतो तर फळ्यांच्या सांध्यांत केसाएवढ्या फटी. त्याने त्या लाखेने बुजवल्या, वर रंगाचा हात मारला आणि यंत्राची समजूत घातली, असं त्याला वाटलं. तिसऱ्या खेपेला तर बाराही यंत्रं एकदमच म्हणाली, "तहान लागलीय." त्या वेळी त्याने कूस बदलली.

थंडी पडली. धुक्यातून नदीवरचा मावशीच्या धुण्याचा आवाज येई. धप... धप... रोज तो जरा हळू होत गेला. दोन धपांच्या मध्ये इतका वेळ जाऊ लागला, की खटपट्या हातातलं काम थांबवून पुढच्या आवाजाची वाट बघे. मग त्याला स्वतःची लाज वाटे आणि तो दार लावून घेई.

त्याच्या यंत्रांची कीर्ती राजाच्या कानावर गेली आणि एका सकाळी राजा स्वतः आला. त्याने पडवीभर फिरून सगळी यंत्रं पाहिली, बगळे पाहिले, मान डोलावली. मग खांद्यावरचा शेला काढून पुढे केला.

"युवराजांनी यावर वरण सांडलंय," राजा म्हणाला. "धू."

"महाराज, ही... ही बघायची आहेत."

"धुण्याचं यंत्र ना हे? मग धू."

खटपट्याने बगळ्यांच्या यंत्रात घागर ओतली. पाणी तळाला टेकलं न टेकलं, तोच लाख तडतडली आणि सांध्यासांध्यातून धारा लागल्या. राजाचे जोडे भिजले. खटपट्याने दुसऱ्या यंत्रात पाणी ओतलं, तिसऱ्यात ओतलं. तीही गळू लागली.

राजा रागावला नाही. "बडा घर, पोकळ वासा," एवढं म्हणाला आणि वरणाचा डाग खांद्यावर घेऊन निघून गेला. रागावला असता तर बरं, असं खटपट्याला वाटलं. तो ओल्या जमिनीवर तसाच बसून राहिला.

दारातून वाहत आलेलं पाणी पाहून मावशी आत आली. तिने पिंपावर हात फिरवला.

"किती महिने कोरडं ठेवलंस रे याला?" ती म्हणाली. "पाणी मिळालं नाही, की लाकूड आकसतं. आई रोज निजताना यात दोन घागरी ओतून ठेवायची. फुटलं नाही हे. तहानलंय."

तो शब्द ऐकून खटपट्याच्या अंगावर काटा आला. त्याने पिंप उचललं, नदीवर नेलं आणि आत दगड भरून पाण्यात बुडवलं. तीन दिवस तो काठावर बसून होता. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, फळी फळीला भिडली. रंग सुटला. बगळे विरघळले आणि कमळं धुक्याखालून प्रवाहाबरोबर निघून गेली. नवल म्हणजे त्याला त्यांचं काहीच वाटलं नाही.

चौथ्या दिवशी त्याने यंत्र मावशीच्या अंगणात मांडलं आणि काठोकाठ भरलं. थेंब गळला नाही.

"घे मावशी. फिरव."

मावशीने दांड्यावर हात ठेवला. बोटं मिटली नाहीत. तिने दुसरा हात ठेवला. तोही नुसता वरून घसरला. मग ती दांड्यावरून तळहात फिरवून काहीतरी चाचपू लागली.

"इथे आईचा हात होता," ती म्हणाली.

"मी रंधा मारला, मावशी."

तिने हात पदरात गुंडाळले. "थंडी पडायच्या आत म्हटलं होतं रे तुला," एवढंच बोलली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच खटपट्याला रडू फुटलं.

मग त्याने डोळे पुसले, दांडा धरला आणि फिरवू लागला. पिंप घुमू लागलं. शेजारच्या घरात रडणारं एक पोर गप्प झालं.

त्या दिवसापासून रोज सकाळी तो मावशीच्या अंगणात येई. ती पायरीवर बसून "अजून दहा फेरे, मळ तसाच आहे" असं त्याला बजावी आणि तो मुकाट्याने फिरवी. उरलेली अकरा यंत्रं त्याने नदीत भिजवून घरोघरी देऊन टाकली. गावातल्या बायका दगडावरून उठल्या. मावशीची बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत.

पुष्कळ वर्षं गेली. मावशी गेली, खटपट्या म्हातारा झाला. त्या दांड्यावर पुन्हा एक खळगा पडला होता, त्याच्या तळहाताएवढा. कुणी तो घासून सपाट करू म्हणालं, तर तो हात आडवा घाली.

तात्पर्य : कामासाठी वाचवलेली वस्तू वेळेत कामाला लावावी, मिरवायला ठेवली, तर ती सुकतेच, आणि तिची वाट पाहणारे हातही सुकतात.