एका पोटातली दोघं

जनावरं माणसांसारखी बोलत आणि माणसांसारखीच चुकीवर अडून बसत, त्या काळातली गोष्ट. चंद्री शेळीला जुळी करडं झाली. ढवळ्या दांडगा होता. त्याची बहीण पाखरी त्याच्या निम्मी.

दिवसभर दोघं वेताच्या पालथ्या डालग्याखाली कोंडलेली असत. संध्याकाळी आई चरून आली की डालगं उचललं जाई आणि दोघं दुधाकडे धावत. शेळीला सड दोनच. ढवळ्या आधी पोचून दोन्ही रिकामे करी. पाखरीची हाडं दिसू लागली.

कळपातला म्हातारा बोकड सोन्याबा रवंथ करत म्हणे, "एकच आई, एकच दिवस. भाऊ बघ आणि तू बघ. अंगात आळस, दुसरं काय?" बाकीच्या म्हाताऱ्या शेळ्या माना हलवत. मोठ्यांपुढे बोलायची रीत नव्हती, म्हणून आई पाखरीला नुसती चाटत राही.

एका संध्याकाळी पाखरी धावता धावता खाली बसली. सोन्याबा म्हणाला, "नाटकं."

ढवळ्या थांबला. "आजोबा, पोटात मी पसरून असायचो आणि ती कोपऱ्यात. खाणं आधी मलाच मिळायचं. ती जन्मायच्या आधीपासून उपाशी आहे."

"पोटातलं तुला काय कळतंय? डोळे मिटलेले होते तुझे."

"माझे मिटलेले होते. तुमचे तर उघडे आहेत ना?"

ढवळ्यानं बहिणीला डोक्यानं रेटत आईपाशी नेलं. एक सड तिच्यासाठी सोडला आणि दुसऱ्याला स्वतः लागला.

म्हाताऱ्यांनी बराच खल केला आणि एकमतानं ठरवलं, की पोरीच्या नादानं पोरगाही बिघडला.