जाळीबाई आणि पंप

घरोघरी धुण्याची यंत्रं नवी होती, तेव्हाची गोष्ट. एका यंत्रात पाणी बाहेर फेकणारा पंप होता आणि त्याच्यापुढे कचरा धरणारी जाळी.

"जाळीबाई, सुपाऱ्या नि बटणं साठवता, वर माझं पाणी अडवता! सरका बाजूला!" पंप रोज टोमणे मारी. शेवटी कंटाळून जाळी सैल झाली.

त्याच दिवशी प्रमिलाकाकूंनी पदराची पिन न काढताच साडी धुवायला टाकली. पिन सुटली आणि सैल जाळीतून थेट पंपाच्या पात्यांत अडकली. पंप जागीच थांबला. साडी गढूळ पाण्यात बुडून राहिली.

"पंप मेला वाटतं. नवाच बसवा," काकू दुरुस्तीला आलेल्या कारागिराला म्हणाल्या. पंपाच्या काळजाचं पाणी झालं.

कारागिराने पिन काढून काकूंच्या हातावर ठेवली. "पंप धडधाकट आहे, काकू."

कळ दाबली गेली. फिरण्याआधी पंपाने हळूच विचारलं, "जाळीबाई, घट्ट बसलात ना?"