कल्लाप्पाची गाडी

"झाली बघा भरून, चाचा!"

रामगोंडानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्याची गाडी भरून झाली होती. शेजारच्या तिन्ही गाड्या अजून निम्म्याही झाल्या नव्हत्या.

इलाहीचाचा गाडीच्या मागं येऊन उभा राहिला. आत बघितलं. तळापासून छतापर्यंत खोकीच खोकी... बोट घालायला जागा नाही.

"काढ," चाचा म्हणाला.

"काय काढू?"

"सगळं."

"पण का?"

चाचा चहा आणायला निघून गेला.

कोल्हापूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, पार्सलचं ते मोठं गोदाम. लांबून आलेल्या ट्रकमधला माल पहाटे चारला सरकत्या पट्ट्यावर पडायचा. पट्ट्यावरून येणारी खोकी गावोगाव जाणाऱ्या छोट्या गाड्यांत भरायची. साडेसहाला गाड्या सुटायच्या. इलाही मुजावर तिथं एकवीस वर्षं माल भरत होता. शाळा चौथीपर्यंत. आकडे वाचायचा, अक्षरांशी फारसं जमायचं नाही. पण नवा माणूस आला की सुपरवायझर मगदूमसाहेब त्याला सात दिवस चाचाच्या हाताखाली द्यायचे. सातव्या दिवशी एकच प्रश्न विचारायचे, ठेवायचा की नाही? चाचा सांगेल ते व्हायचं.

रामगोंडा चौगुले हा असा सात दिवसांचा माणूस. वय बेचाळीस. इचलकरंजीत चोवीस यंत्रमागांची दुरुस्ती बघणारा जॉबर होता तो. मागांच्या खडखडाटात कुठला माग आजारी आहे हे नुसत्या आवाजावरून सांगायचा. मालकानं माग भंगारात काढले आणि त्याच्या कानाला काम उरलं नाही. त्यानंतर दोन ठिकाणी लागला, दोन्ही सोडली. एकीकडे मालकाला तोंडावर अडाणी म्हणाला होता. दुसरीकडे तेवढंही बोलायला थांबला नव्हता.

बायकोनं पहिल्या दिवशी डबा हातात देताना सांगितलं होतं, "ही तिसरी जागा. चौथी शोधायला जाणार असाल तर तिकडनंच जावा, घरी सांगायला येऊ नका."

म्हणून त्यानं सगळी खोकी काढली.

काढताना त्याचं त्यालाच कळलं. गाडी जायची गडहिंग्लजला, तिथून नेसरी, मग चंदगड, रोजची चौऱ्याण्णव दारं. आणि त्यानं गडहिंग्लजचा माल आधी भरला होता, तो तळाशी गेला होता. लांबच्या गावचं आधी चढवायचं, जवळचं शेवटी. एवढी साधी गोष्ट... म्हाताऱ्याला तोंडानं सांगता येत नव्हती?

त्यानं पुन्हा भरली. चाचानं पुन्हा बघितलं. म्हणाला काहीच नाही, कारण साडेसहा झाले होते. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी चंदगड आत, नेसरी मध्ये, गडहिंग्लज दाराशी. सव्वापाचला तयार.

"काढ."

"चाचा, क्रम बरोबर हाय."

"हाय की."

"मग?"

"काढ म्हटलं."

तिसऱ्या दिवशी त्यानं जड खाली घेतलं, हलकं वर. प्रत्येक खोक्यावर ते कितव्या घरी उतरायचं त्याचा नंबर चिकटवलेला असायचा, तो दाराकडे तोंड करून ठेवला. कुठला माल कुठं आहे ते टॉर्च न लावता दिसावं. असं काम बघून इचलकरंजीत चार माणसं थांबली असती.

चाचा आला. बघत राहिला.

"आज चांगलं लावलंस."

रामगोंडाची छाती वर आली.

"आता काढ."

त्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवला नाही. बायकोला म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला एकच शब्द येतो."

"आणि तुम्हाला तेवढापण ऐकू येईना," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर कल्लाप्पा लवकर आला. नेसरीकडचा माणूस, मोठा, सुस्त, तळहातावर कायम तंबाखू. त्याच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

"काल कुणी भरलीवती गाडी?" त्यानं विचारलं.

"मी."

"तरीच. माणूस होता की गवंडी, असा मला दिवसभर प्रश्न पडला."

"वाईट भरली होती का?"

"छे. लई मजबूत. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले, पण भिंत काय पडली न्हाई."

आणि तो तंबाखूत चुना घालायला लागला. रामगोंडाला ते बोलणं डोक्यात गेलं. गाडी भरणाऱ्यानं भरायची, उतरवणाऱ्यानं उतरवायची. ह्याचा हात ह्यानं सांभाळायला नको का? तो चाचाकडं गेला.

"हे बघा, कसं पाहिजे ते एकदा सांगा. मी तसं करतो. मी चोवीस माग संभाळलेत, मला सांगितलेलं समजतं."

"सांगितलं तर करशील," चाचा म्हणाला.

"करीन की."

"तेच नको."

"म्हणजे?"

चाचानं पट्ट्याकडं बोट केलं. माल सुरू झाला होता.

पाचवा दिवसही तसाच गेला. सहाव्या दिवशी चाचा 'काढ' म्हणाला तेव्हा रामगोंडानं हातमोजे काढले आणि जमिनीवर टाकले.

"न्हाई काढत."

"बरं."

"सहा दिवस झाले. बाकीच्यांचा माल खाली उरतो, माझ्या गाडीत सगळा बसतो. बाकीचे साडेसहाला धापा टाकतात, माझं सव्वापाचला होतं. आणि त्यांना तुम्ही काही बोलत नाही. मला म्हणता काढ. का, तर सांगायचं नाही. हे शिकवणं न्हवं चाचा, ही खोड हाय तुमची. मी चाललो."

तो फार मोठ्यानं बोलला नाही, पण शेजारच्या गाडीवरचे हात थांबले.

"जा," चाचा म्हणाला. "जाता जाता एवढं एक काम कर. एक नंबरचं खोकं काढून दे मला."

एक नंबर दाराशीच होतं. रामगोंडानं ते उचललं आणि चाचापुढं धरलं. बघा, एका हातात निघतं, असा त्याचा चेहरा.

"घरात कुणी न्हाई," चाचा म्हणाला. "कुलूप हाय. दोन नंबर दे."

"काय?"

"गडहिंग्लजात हाईस तू. एक नंबरच्या दाराला कुलूप हाय. दोन नंबरवाला दारात उभा हाय. त्याचं दे."

दोन नंबर मागच्या रांगेत होतं. रामगोंडा एक नंबर खाली ठेवायला वाकला.

"खाली नको. गटार हाय."

त्यानं एक नंबर डाव्या काखेत दाबलं. उजव्या हातानं दोन नंबर ओढलं. वरची दोन खोकी घसरली, ती त्यानं गुडघ्यानं आणि खांद्यानं अडवली.

"हां. आता हा म्हणतोय पैसे आणायला आत जातो. थांब जरा. तवर तीन नंबर दे."

"चाचा..."

"तीन नंबर."

तीन नंबर जड होतं, कुठल्या तरी मिक्सरचं. ते त्यानं पोटावर घेतलं. दोन नंबर त्यावर आलं. एक नंबर त्याच्यावर, आणि ते पडू नये म्हणून त्यावर हनुवटी. गुडघा अजून गाडीतल्या भिंतीला लावलेला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"चार नंबर," चाचा म्हणाला.

"ठेवू कुठं हे?"

पेल्यातला चहा चाचानं हळूहळू संपवला. पेला घेऊन तो नळाकडं गेला. नळ सोडला. पेला विसळला. बाहेरून विसळला, आतून विसळला...

"चाचा, ठेवू कुठं?"

नळाचा आवाज येत राहिला.

रामगोंडा अडकला होता. एका पायावर, हनुवटीखाली खोकं, तोंडापुढं त्यानंच रचलेली भिंत. त्याला दिसत होती ती तेवढीच भिंत. सुंदर भिंत होती. नंबर सगळे सरळ रेषेत. आणि तिच्या ह्या बाजूला... कल्लाप्पा रोज चौऱ्याण्णव वेळा उभा राहायचा.

तो तसाच उभा राहिला. चाचा परत आला तरी त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मग शेजारच्या गाडीवरच्या माणसानं येऊन एकेक खोकं त्याच्या अंगावरून उतरवून घेतलं. रामगोंडानं जमिनीवरचे हातमोजे उचलले, झटकले, घातले. आणि गाडी रिकामी करायला लागला. चाचा म्हणाला नव्हता, तरी.

सातव्या दिवशी त्याची गाडी सहा वाजून वीस मिनिटांनी झाली. सगळ्यांच्या शेवटी. दाराच्या आत एक माणूस उभा राहील, वळेल, हातातलं बाजूला ठेवील एवढी जागा मोकळी होती. आणि जमिनीवर आठ खोकी उरली होती.

मगदूमसाहेब हातात यादी घेऊन आले.

"ही आठ इथं कशी?"

"दुपारच्या गाडीनं जातील, साहेब."

"दुपारच्या गाडीनं कशाला? तुझ्याच गाडीत जागा आहे की."

"ती भरलीया."

साहेबांनी आत डोकावून बघितलं. मग रामगोंडाकडं बघितलं. "कशानं भरलीय?"

"कल्लाप्पानं."

कल्लाप्पाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

साहेब एकदम जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "चौगुले, सहा दिवस तुझी गाडी सगळ्यात भरलेली गेली. मी वर तसं कळवलंय. आज सातवा दिवस. तेवढी आठ आत ढकल, दार लाव, मी आत्ता तुझ्या कागदावर सही करतो. चाचालापण विचारत नाही."

रामगोंडानं त्या आठ खोक्यांकडं बघितलं. बसली असती. त्याच्या हाताला ठाऊक होतं ती कशी बसतील. मोठी दोन उभी, त्यावर चार आडवी, फटीत उरलेली दोन. एक मिनिटाचं काम. मग त्याला बायको आठवली, दारात डबा घेऊन उभी. त्यानं चाचाकडं बघितलं. चाचा गोदामाच्या पत्र्याकडं बघत होता. तिथं दोन पारवे बसले होते, त्यांच्यात त्याला फार रस होता.

"न्हाई ढकलत, साहेब."

"विचार करून बोल."

"करूनच बोललो."

"मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा. पण ही गाडी अशीच जाऊ दे."

साहेबांनी यादी मांडीवर आपटली. वैतागून वळले. "ऐका. चाचा, तुम्हीच काय ते सांगा आता. सात दिवस तुमच्याजवळ होता. मला स्पष्ट एका वाक्यात सांगा. ठेवायचा की घालवायचा?"

चाचानं पारव्यांवरची नजर खाली आणली. गाडीपाशी आला. मोकळ्या जागेत आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, मांडीवर हात टेकून वर चढला. आत उभा राहिला... इकडं वळला, तिकडं वळला.

आणि तिथूनच म्हणाला,

"साहेब, आज मला कल्लाप्पाबरोबर जाऊ द्या. ह्यानं भरलेली गाडी मला माझ्या हातानं उतरवायची हाय."