एकही निकाल फिरला नाही

“म्हणजे शनिवारच्या सभेला तुम्ही येणारच नाही, गुरुजी?”

जज्ज हायरम कॉल्डवेलचा चेहरा पडला.

अमेरिकेतल्या ओहायोमधली ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिकडे तेव्हा जुन्याजाणत्या वकिलाची कचेरी झाडायची, त्याची पुस्तकं वाचायची, त्याची बोलणी खायची, की माणूस वकील व्हायचा. हायरम असाच आसा पेटिग्र्यूंच्या हाताखाली वकील झाला, पुढे जज्ज झाला. आता ती खुर्ची सोडून स्वारी तिकडच्या संसदेची निवडणूक लढवायला निघाली होती.

म्हातारे आसा ओसरीवर सफरचंदं सोलत बसले होते.

“येऊन काय सांगू लोकांना?”

“एवढंच, की माझा एकही निकाल वरच्या कोर्टानं फिरवला नाही. सगळीकडे तेच गाजतंय.”

“आणि तो ओवेन? घोडाचोर?”

हायरमनं डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. म्हाताऱ्याच्या कानावर घरबसल्या सगळं येतं!

ओवेनला त्यानंच सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावली होती. परवा त्या खटल्यातला साक्षीदार हायरमपुढे येऊन रडला. मी खोटं बोललो, घोडा माझ्या भावानं पळवला, म्हणाला. खटला पुन्हा चालवायचा हुकूम हायरम देऊ शकत होता. सोमवारी राजीनामा दिला, की तो अधिकारही जाणार होता.

“निवडणुकीच्या तोंडावर माझाच निकाल मी फिरवू? हात दाखवून अवलक्षण कशाला? नवा जज्ज बघेल की.”

“तो कधी येणार?”

“हिवाळा सरल्यावर...”

“बरं.”

आसांनी सुरी खाली ठेवली. हायरमची उंच काळी टोपी उचलून समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

“हे जज्जसाहेब. तू ओवेनचा वकील. हं, बोल.”

“गुरुजी, हा काय पोरखेळ!”

“माझ्याकडेच शिकलास ना? उभा राहा.”

हायरम नाइलाजानं उभा राहिला. आधी चाचरला. मग ओवेनच्या बायकोचं नाव निघालं, कोठडीतला गारठा निघाला, आणि त्याचा आवाज चढला. कितीतरी वर्षांनी तो असा पोटतिडकीनं बोलत होता!

“जज्जसाहेब,” तो टोपीला म्हणाला, “चूक कुणाच्याही हातून होते. पण चूक कळल्यावरसुद्धा एका निरपराध माणसाला...”

वाक्य तिथंच अडकलं. लाज वाटली त्याला, अगदी मान वर करवेना इतकी.

तो खाली बसला.

“कसं बोललो?” शेवटी त्यानं हळूच विचारलं.

आसांनी पुढचं सफरचंद उचललं.

“वकील फार चांगला मिळाला बिचाऱ्याला,” ते म्हणाले. “आता कुठून तरी जज्ज आणायला हवा.”