ओटीतले चिमूटभर दाणे

एका राज्यात, आश्विनातल्या प्रतिपदेला, सूर्य उगवून दोन घटका झाल्या असताना, सगळे रंग निघून गेले.

घरोघरी घट बसत होते. कुणी माती चाळत होतं, कुणी परडीत सात धान्यं पेरत होतं. देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वेणू माळीण शेवंतीची पाटी पुढ्यात घेऊन माळ ओवत बसली होती. पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. तेवढ्यात राणी चंद्रप्रभा डोंगर उतरून आली. देवीनं खुद्द आपल्या हातानं राणीची ओटी भरली होती. राणीनं पदर दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरला होता. तिचं पाऊल शेवटच्या पायरीवर पडलं, आणि वेणूच्या बोटांतली पिवळीधमक शेवंती राखेसारखी झाली. मग देवळावरचं निशाण, मग झाडं, मग आभाळ. कुंकवाच्या करंड्यात राख, हळदीच्या डब्यात राख. बायका एकमेकींच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

राजानं मांत्रिक बोलावला. मांत्रिकानं मंत्र मारून राजवाडा लालभडक केला. पहिल्या दवात तो रंग ओघळून गटारात गेला, आणि पाठोपाठ मांत्रिकही त्याच वाटेनं गेला.

माणसं कशालाही सरावतात, तशी सरावली. घट बसत राहिले, उठत राहिले. परडीत उगवायचं ते करडं उगवायचं. त्या करड्या राज्यात वेणूला लेक झाली. तिचं नाव बकुळ. बोलायला लागल्यापासून तिचा एकच धोशा.

“आई, हिरवं म्हणजे कसं असतं गं?”

“कैरीची पहिली फोड चावल्यावर दात आंबतात ना? तसं.”

“आणि पिवळं?”

“हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, त्याचा वास येतो, तसं. लाल म्हणजे धावत आल्यावर छातीत धडधडतं, तसं.”

सांगता सांगता वेणू मनानं माहेरी पोचायची. माहेरच्या दारातला झेंडूचा वाफा, आईच्या हातातला हिरवा चुडा, खणाचा जांभळा काठ. सगळं डोळ्यांसमोर यायचं आणि तेही आता जरा पुसटच.

वेणूचा जीव मुळातच मुंगीएवढा. लेक एकदा शिंकली की दृष्ट काढायची, दोनदा शिंकली की वैदू बोलवायचा. एका वर्षी घट बसले त्याच सकाळी देवापुढे बकुळनं हात जोडले, आणि समईची वात तिच्या तळव्यांतून आरपार दिसली.

वैदू म्हणाला, “रंग गेल्यावर जन्मलेलं लेकरू विरघळत जातं, बाई. तुझी त्यांत सगळ्यांत थोरली, म्हणून तिच्यापासून सुरुवात. घट उठेपर्यंत टिकेल. पुढचं माझ्या हातात नाही.”

वेणू पारावर बसून रडायला लागली. वर फांदीवर एक करडा पक्षी होता.

“हाड्, कावळ्या!” ती म्हणाली.

“कावळा म्हणू नका, माळीणबाई. मी मिठाराम, राघू. हिरवा होतो तेव्हा लोक भिजली डाळ घालत. आता पितृपक्षात पिंडाला शिवायला बोलावतात. माझ्याही दुःखाला पार नाही.”

“मिठाराम, माझी लेक चालली रे.”

“मग डोंगर चढा. वर तिघी बहिणी राहतात. तांबडी, हिरवी आणि काळी. त्यांच्याकडचे रंग लुटून मिळत नाहीत, विकत मिळत नाहीत. मागून मिळतात. पण मागायला जाणारीला तिथवर पोचावं लागतं.”

वेणूनं लेकीला कडेवर घेतलं आणि चढायला लागली. मिठाराम पुढे.

पहिल्या टप्प्यावर वाट अडवून वाघ पडला होता. मागे शिळेवर तांबडी देवी बसली होती, निखाऱ्यासारखी. वाघ म्हणाला, “पोर इथं ठेव. मग खुशाल जा.”

वेणू दोन पावलं मागे सरली. पालीला भिणारी बाई ती. पण कडेवरची बकुळ फुलाच्या परडीएवढी हलकी लागत होती, काल होती त्याहून हलकी.

“ऊठ मेल्या!” वेणू किंचाळली. “लोळायला दुसरी जागा नाही मिळाली? माझ्या लेकीला उशीर होतोय!”

वाघ निमूट उठला. जाता जाता म्हणाला, “किती दिवसांनी कुणी ओरडलं! बरं वाटलं.”

देवी म्हणाली, “हाच माझा रंग. कुंकू नुसतं शोभेला नाही लावत. लेकराच्या वाटेत काळ आडवा आला तर आई काय होते, त्याची आठवण म्हणून लावतात. पुढे जा.”

दुसऱ्या टप्प्यावर हिरवी देवी माठाची भाजी निवडत बसली होती. शेजारी परडीत काळी माती, मातीत बी.

“याला अंकुर फुटेतो बस. पाणी शिंपड. उकरू नकोस.”

वेणू बसली. पाणी शिंपडलं. बकुळचं मनगट बघितलं, तर त्यातून पलीकडचा दगड दिसत होता. पुन्हा मातीकडे बघितलं. देवीची पाठ वळली, तसं तिनं नखानं एक कोपरा हळूच उकरला.

“उकरलंस ना?” देवीनं मान न वळवता विचारलं.

“जरासंच.”

“सगळ्याच आया उकरतात. तेवढा कोपरा बोडका राहील. बाकीचं तरी उगवू दे.”

वेणूनं ओशाळून दोन्ही हात मांडीखाली घातले. हातांना उद्योग नाही म्हणून तिनं बकुळला भोंडल्याची गाणी म्हणून दाखवली. तिची आई म्हणायची ती, अर्धी आठवणारी, अर्धी मनानं जोडलेली. गाणी सरली आणि माती तडकली. इवले इवले कोंब वर आले. एक कोपरा मात्र बोडकाच.

“हिरवा रंग धीराचा,” देवी म्हणाली. “पेरायचं आपण. उगवायचं ते बियाचं बी बघतं. जा, थोरली वाट बघतेय.”

तिसऱ्या टप्प्यावर गुहा होती. आत काहीच दिसत नव्हतं. मिठाराम दारातच थांबला. म्हणाला, “मी बाहेर राखण करतो.”

काळोखातून आवाज आला, “लेक माझ्याकडे दे.”

“आत अंधार आहे, आईसाहेब. ती घाबरेल.”

“कोण घाबरेल?”

तेवढ्यात बकुळ म्हणाली, “आई, हात सोड ना. किती आवळतेस! दुखतोय.”

वेणूनं हात सोडला. असा हात तिनं आजवर कधीच सोडला नव्हता. पावलं वाजली, मग तीही वाजेनाशी झाली. वेणू कान देऊन उभी राहिली.

“लोक मला अशुभ म्हणतात,” काळी देवी म्हणाली. “बी रुजतं ते कुठं? तुझी लेक पोटात वाढली ती कुठल्या उजेडात? सगळे रंग माझ्या कुशीत निजतात आणि इथूनच उठतात. ये, पदर पुढे कर.”

काळोखातून एक सूप पुढे आलं. वेणूच्या पदरात ओंजळी पडल्या. दाणा न् दाणा उजळत होता. तांबडा, पिवळा, निळा, मोरपंखी, गुलाबी. इतक्या वर्षांनी सगळे रंग एकत्र बघून तिला हुंदका फुटला.

“हे तुझ्या लेकीचे रंग. नेमके तिला पुरतील एवढेच. घेऊन जा.”

वेणूनं पदर आवळला. दोन पावलं गेली आणि थबकली. माहेरचा उंबरा आठवला. सासरी निघताना आईनं ओटी भरली होती. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. ती घाईत वळली तेव्हा आईनं दंडाला धरून थांबवलं होतं. “अगं, चिमूटभर परत टाक सुपात. देणारीचं सूप रिकामं करून जाऊ नये.”

पण हे दाणे तर नेमके होते. चिमूटभर गेले तर लेकीचं काय कमी पडेल? डोळ्यांतला काळा? ओठांवरचा गुलाबी? वेणू तिथंच घामानं भिजली. पदर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग तिनं चिमूट भरली आणि सुपात टाकली.

“रिकामं नको राहायला,” ती पुटपुटली. “आई रागवेल.”

गुहा हसली. असं हसू, की भिंतींतून झरे फुटावेत.

“एवढ्याचसाठी थांबले होते गं! राणीची ओटी मी साऱ्या राज्याच्या रंगांनी भरली होती. तिनं एक दाणा परत टाकला नाही. सुपात बियाण्यालासुद्धा उरलं नाही, मग पुढचे रंग उगवणार कशातून? तिच्या पदरात होते ते दाणेही मग कोरडे पडले. आता बियाणं आलं.”

देवीनं ती चिमूट गुहेच्या दारातून खाली भिरकावली. डोंगर हिरवा झाला. आभाळ निळं झालं. निशाण भगवं झालं. मिठारामानं आपले पंख उलटसुलट करून बघितले, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायची सोय उरली नाही, इतका तो मिजासखोर झाला.

बकुळ धावत बाहेर आली. गव्हाळ, भरदार, गालांवर लाली. उजव्या करंगळीचं नख तेवढं काचेसारखं आरपार राहिलं. तेच ते चिमूटभर.

“आई!” झाडाकडे बोट दाखवून ती ओरडली, “हे बघ, कैरीचं!”

पायथ्याशी राणी उभी होती. रंग गेल्यापासून दर प्रतिपदेला ती इथं येऊन उभी राही. वर जायचा धीर तिला होत नसे. तिनं वेणूचा हात धरला.

“माळीणबाई, माझं काय चुकलं होतं?”

“ओटीतलं चिमूटभर परत टाकायचं असतं, राणीसाहेब.”

“एवढंच?”

“एवढंच.”

राणी पायरीवर मटकन बसली. “मला कुणी सांगितलंच नाही गं. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. दायांनी मला घ्यायला तेवढं शिकवलं.”

वेणू तडक घरी गेली. तिनं सुपात तांदूळ आणले, वर पिवळीधमक शेवंती ठेवली आणि पायरीवरच राणीची ओटी भरली. राणीनं पदर धरला. मग अवघडून, नव्यानं चालायला शिकल्यासारखी, तिनं चिमूट उचलली आणि वेणूच्या सुपात टाकली.

“अशी?”

“अश्शी,” वेणू म्हणाली.

तेव्हापासून त्या राज्यातले रंग कधी आटले नाहीत. वेणू अजून रोज बकुळची करंगळी उजेडात धरून बघते. मन आईचं, त्याला काय करणार?

आता आश्विन येईल, घट बसतील. तुम्ही एवढं करा. लेकीची ओटी भराल तेव्हा तिला हे सांगा. सुनेलाही सांगा. आणि जिला सांगायला आई नाही, तिला सगळ्यांच्या आधी सांगा.