गोधडीतला भात

"मग माझं चुकलं कुठं, आक्का?"

हेरंबनं विचारलं, तेव्हा आक्का शेगडीवर भाताचं पातेलं ठेवत होत्या. उत्तराची त्यांना घाई नव्हती.

आक्कांच्या नदीकाठच्या लहानशा मठात दिवे मोजकेच. अंघोळीचं पाणी उन्हात ठेवलेल्या काळ्या पिंपात तापायचं. भाताला चांगली उकळी आली की शेगडी बंद. मग पातेलं गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचं, आणि आतल्या उबेवर भात आपला आपण शिजायचा. हेरंब काटकसर शिकला ती इथंच, आक्कांच्या हाताखाली. शिकला म्हणजे काय, डोक्यावर घेऊन नाचायला लागला.

घरी त्यानं विजेचा हिशेब ठेवणारं यंत्र बसवलं. कुठल्या खोलीत काय चालू आहे ते ऑफिसात बसून फोनवर दिसायचं, आणि तिथूनच बंदही करता यायचं. मिक्सरला हात लावण्याआधी बायकोला नवऱ्याची आठवण व्हायची, ती काही प्रेमानं नव्हे.

ऐन थंडीत एका सकाळी गिझर जरा जास्त वेळ चालू दिसला. हेरंबनं बोट लावलं, बंद केला.

आत त्याचे वडील, दादा, अंगाला साबण लावून बसले होते.

दादांनी तांब्या उचलला. गार पाण्यानं अंघोळ उरकली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि निपाणीला लेकीकडं निघून गेले. आता परत यायचं नाव काढत नव्हते. हेरंबचा जीव आतून तुटत होता, पण मान काही खाली यायला तयार नव्हती.

वीज जपायला तुम्हीच शिकवलंत, असं तो आक्कांना पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि फुकट नाही गेलं तुमचं शिकवणं, अख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी वीज आता आमच्याच घरात लागते.

"दादा गेल्यापासून?" आक्कांनी विचारलं.

हेरंबनं हातातला फोन खिडकीत नेऊन ठेवला.

भाताला उकळी आली. आक्कांनी पातेलं गुंडाळून पेटीत ठेवलं, त्याला पेटीजवळ बसायला सांगितलं आणि त्या परसात भाजी खुडायला गेल्या.

हेरंब बसला. पण बघितल्याशिवाय त्याला चैन पडेल तर शपथ. त्यानं गोधडी सोडली, झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. ठीक चाललंय, असं म्हणून त्यानं पुन्हा झाकलं. जरा वेळानं परत उघडलं... आणि मग परत.

जेवायच्या वेळी आक्कांनी एक शीत चिमटीत दाबून पाहिलं. मधे कणी राहिली होती. पातेलंही पार निवलं होतं.

"मी फक्त बघत होतो," हेरंब पुटपुटला.

"हं..."

आक्कांनी भातावर थोडं पाणी शिंपडलं आणि पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं. हेरंब ओशाळला. माझ्यापायी दुसऱ्यांदा गॅस कशाला जाळता, मी खाईन असाच, असं म्हणत तो मधे आला.

"पोट दुखेल तुझं," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी काडी ओढली.

ही शेगडी आक्का गरजेपेक्षा क्षणभरही जास्त जळू देत नसत. आज ती त्याच्या पोटासाठी जळत होती, आणि आक्कांच्या तोंडावर त्याची जरासुद्धा कुरकुर नव्हती. हेरंब त्या निळ्या ज्योतीकडं बघत राहिला. गार पाण्याचा तांब्या हातात घेऊन थांबलेले दादा त्याला दिसले. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

या खेपेला आक्कांनी गोधडी त्याच्याकडं दिली. त्यानं तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं पातेलं गुंडाळलं, पेटीत ठेवलं, आणि हात मांडीवर घेऊन बसला.

एकदा हात गोधडीकडं गेला, तो त्यानं मागं घेतला.

"न उघडता कसं कळायचं, आक्का? झाला की नाही ते?"

आक्का उठल्या. खिडकीत ठेवलेला त्याचा फोन त्यांनी आणून त्याच्या हातात दिला.

"तोवर निपाणीला लाव. अंघोळ झाली का, एवढंच विचार."