रेशमावरचे शुल्क

फार पूर्वी वेणुपूर नगरात अनुरथ राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका रेशीमव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले आणि पुढे पेठेचे श्रेष्ठी, म्हणजे सर्व व्यापाऱ्यांचे प्रमुख झाले. पत्नी लवकर निवर्तली होती, मूलबाळ नव्हते. बालमित्र पूर्णक चंदनाचा व्यापारी होता. तो संध्याकाळी दुकानात येऊन बसे, तेवढीच काय ती त्यांना सोबत.

एके वर्षी महापुरात लोकांना नदीपार नेणारी नगराची नाव फुटली आणि रुग्णशाळा कोसळली. खजिना रिता होता. पलीकडच्या गावांतले आजारी नदीकाठीच पडून राहू लागले. राजाने बोधिसत्त्वांना विचारले, "पेठेतल्या विक्रीवरचे शुल्क वाढवावे का?"

"आधी पेठेला विचारतो, महाराज."

तेल विकणारी म्हातारी सामा त्यांना म्हणाली, "नाव मलाही हवी आहे, बाबा. माझी लेक पलीकडे दिली आहे. पण तेल महागलं तर लोक अंधारात बसतील आणि मी उपाशी राहीन."

बोधिसत्त्वांनी यावर पुष्कळ विचार केला. मग राजाला सांगितले, "शुल्क वाढवावे, पण धान्य, मीठ, तेल यांवर नको. रेशीम, चंदन आणि हस्तिदंत यांवर वाढवावे. तिथे ते झेपेल."

राजाने तसेच केले. त्या दिवशी पूर्णक दुकानाच्या पायरीवरच थांबला.

"आमच्यातला असून आमच्यावरच भार घातलास."

"माझ्यावरही तोच आहे, पूर्णका."

"तुझं काय? तुला घर आहे कुठे?"

पूर्णक निघून गेला. व्यापाऱ्यांनी दुसरा श्रेष्ठी निवडला. लग्नकार्याची आमंत्रणे थांबली. संध्याकाळी सवयीने बोधिसत्त्व मित्रासाठी चटई अंथरीत आणि थोड्या वेळाने गुंडाळून ठेवीत.

नवी नाव आली, रुग्णशाळा उभी राहिली. पुढे एकदा परदेशाहून परतताना पूर्णक पलीकडच्या काठावर तापाने कोसळला. नावाड्यांनी त्याला रुग्णशाळेत आणले. बोधिसत्त्वांना कळताच ते तिथे गेले आणि त्याचा हात हातात घेऊन बसले. शुद्धीवर आल्यावर पूर्णकाने त्यांना पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.

बरा होऊन तो घरी गेला. दुकानात पुन्हा कधी आला नाही. बोधिसत्त्व अखेरपर्यंत एकटेच राहिले, पण मित्राविषयी त्यांनी मन कडू होऊ दिले नाही.

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ती सामा म्हणजे आपल्या विहाराला दिव्याचे तेल देणारी उपासिका. राजा म्हणजे आज इथे दान घेऊन आलेला गृहस्थ. पूर्णक म्हणजे सर्वांच्या मागे, खाली मान घालून बसणारा तो वृद्ध भिक्षू. आणि तो श्रेष्ठी मीच होतो."

वृद्ध भिक्षूने मान वर केली नाही. शास्ते उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"सोडून गेलेल्यालाही जी सोडत नाही," ते म्हणाले, "ती मैत्री."